सासूचं नाव मी घेतलं

हे मी सांगतीया आन् सून लिहून घेतीया. मी चौथी शिकल्याली. लिहिता येतं, पन आता हाताला कंप हाय, चार वळींला अख्खी दुपार जाते. यात कुनाचंच नाव घालायचं न्हाई असं मी तिला आधीच बजावलंय. सगळा तरास नावापायीच झाला, आनखी वाढवायचा न्हाई.

दोन हजार सतरा साली मी पयल्यांदा ल्योकाकडं आयर्लंडला आले. तीन महिने व्हते. ॲथलोन म्हनून गाव हाय, मधनं मोठी नदी जाते, ल्योक टेलिफोनच्या कंपनीत हाय. "आई, पोरीला शाळेची सुट्टी आहे, तू ये, तिला सोबत होईल," असं त्यानं फोनवर सांगितलं. नात तवा आठ वर्सांची. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मातर इंग्रजीत. मी म्हनायचं, "अगं, भाकरी खा की." ती म्हनायची, "आय'म ग्रँड, आजी." म्हंजे नको.

पन मला बोलावलं ते नातीसाठी न्हवं. ते कळायला दोन आठवडे गेले.

सून माझी इतिहास शिकल्याली. एम.ए. हाय. लग्नाआधी ज्युनियर कॉलेजात पोरांना शिकवत व्हती. लगीन झालं, नोकरी सुटली. पुन्याला आली, मग ल्योकाबरूबर हितं. हितं तिला काम करायची परवानगी न्हवती. नवऱ्याच्या व्हिसावर आल्याली बायकू घरात बसनार, असा तवा नियम व्हता. शिकायला मातर चालत व्हतं. पाच वर्सं घरात काढून तिनं एका कॉलेजात अर्ज टाकला, पुढचं शिकायला, संशोधनाचं. मास्तरांनी तिला बोलावून इचारपूस केली आन् घेतो म्हनले. सप्टेंबरात सुरू व्हनार व्हतं.

सकाळी ल्योक कामावर गेला की मी मेथी निवडत बसायचं आन् ती समोर कागद पसरायची.

"आई, मोठ्यानं वाचू का? मला मोठ्यानं वाचलं की नीट लागतं."

"वाच की. मेथीला काय त्याचं."

इंग्रजी वाचायची आन् मला मराठीत सांगायची. तिचा इषय काय, तर अमेरिकेतल्या काळ्या बाया. दीडशे वर्सांमागच्या. तिथं काळ्या लोकांना गुलाम करून ठेवल्यालं. बाजारात उभं करून इकायचे. कितीक ठिकानी त्यांना अक्षर शिकवनं हा गुन्हा. आन् त्याच येळंला, त्याच देशात, वरच्या अंगाला, उत्तरेला, एकदोन कॉलेजं अशी निघाली की काळ्या पोरींना बसू द्यायला लागली. कुनी जल्मानं मोकळी, कुनी गुलामीत जल्मल्याली, नात्यातल्याच बाईनं पैसं भरून सोडवल्याली. त्या गेल्या. दिसभर वर्ग, संध्याकाळी दुसऱ्याची धुनी, दुसऱ्याचा सैपाक. एक तर स्वतः शिकता शिकता सुटून आल्याल्या म्हाताऱ्या मानसांना अक्षरं शिकवायची.

मी म्हनलं, "म्हाताऱ्यांना?"

"हो, आई. तुमच्यापेक्षा मोठी माणसं. जन्मभर गुलामीत होती ती. आधी अक्षर, मग नाव लिहायला."

मेथीच्या काड्या माझ्या हातात तशाच ऱ्हायल्या.

दुसऱ्या दिशी तिनं सांगितलं, की त्या कॉलेजात दोन अभ्यास व्हते. एक बाप्यांचा, चार वर्सांचा, त्यात गणित, ग्रीक, लॅटिन असल्या जुन्या भाषा. एक बायकांचा, तोकडा, त्यात त्या भाषा न्हाईत. बायकांनी बायकांचा घ्यावा. मनाई कुनी करायचं न्हाई, पन तोंडं वाकडी करायचे. त्यातल्या काही काळ्या पोरींनी बाप्यांचा अभ्यास मागितला आन् तोच पुरा केला. वर्गात धडा म्हनायला उभी ऱ्हायली की पोरीच्या मनात यायचं, मी चुकले तर ही चुकली असं म्हननार न्हाईत, काळी मानसं अशीच असं म्हनतील.

मला लई राग आला. मेल्याल्या मानसांवर राग धरून काय व्हतंय, पन आला. मी म्हनलं, "धुनं धुवायला काळी चालते, आन् शिकायला बसली की तोंड वाकडं व्हय?"

सून हसली. "आई, हेच मी वीस पानांत लिहिलंय, तुम्ही एका वाक्यात सांगितलंत."

"मग एवढी वीस पानं कशाला खर्च केलीस?"

मग ती मला तिची खरी अडचन सांगायला लागली. म्हनली, त्या बायकांतल्या थोड्यांचीच नावं लोकांना ठाऊक हाईत. बाकीच्यांचा माग लागत न्हाई. कॉलेजच्या वहीत एक नाव. मग लगीन झालं, नाव बदललं, की ती बाई कागदातनं गेली. पुढं मास्तरीन झाली का, जगली का मेली, काय कळत न्हाई. त्यात गुलामीतनं आल्यालीचं आडनाव बऱ्याचदा मालकाचंच. म्हंजे सुरुवातीचं मालकाचं, शेवटचं नवऱ्याचं. तिच्याकडं एक यादी व्हती, नावापुढं पेन्सिलीनं प्रश्नाची खून. लई खुना व्हत्या.

"मला ह्या शोधून काढायच्या आहेत," म्हनली. "त्याच काळातल्या एका काळ्या बाईनं आयर्लंडला येऊन गुलामीविरुद्ध भाषणं दिली होती, म्हणून इथल्या कॉलेजलाही विषय आवडला."

आन् दोन दिसांनी तिलाच कागद आला, की तू कोन ते सांग.

कॉलेजच्या हापिसातल्या बाईचा कागद व्हता. तुझी सर्टिफिकिटं एका बाईची हाईत आन् पासपोर्ट दुसऱ्या बाईचा. ह्या दोघी एकच हाईत असा पुरावा पुढच्या शुक्रवारपातूर आना, न्हाईतर जागा दुसऱ्याला दिऊ.

हितल्या घरात गरम पान्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हनतात. कोरडं ऱ्हातं म्हनून सुनंनं तिची फाइल तिथं चादरीखाली ठिवल्याली. ती तिनं काढली आन् जमिनीवर सगळे कागद मांडले. दहावी, बारावी, बी.ए., एम.ए. सगळ्यांवर तिचं माहेरचं नाव, बापाचं नाव, बापाचं आडनाव. लग्नाचा दाखला, त्यावर बी माहेरचंच. आन् पासपोर्टावर? आडनाव आमचं, मधलं नाव ल्योकाचं, आन् पयलं नाव ते आमी दिल्यालं. एक अक्षर जुळत न्हवतं.

"आडनाव बदललं तर त्यांना कळतं," सून म्हनली. "लग्नात आडनाव बदलतं, इथंही बदलायचं. पण पहिलं नाव बदललं म्हटल्यावर त्या ऑफिसच्या बाई फोनवर म्हणाल्या, असं कोण करतं?"

कोन करतं, ते मला ठाऊक व्हतं. मी केलं.

लग्नात घरात आल्यावर ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकूचं नवं नाव काढतो, मग सगळ्यांना पेढं. ल्योक तवा म्हनला व्हता, "आई, तिचं नाव चांगलं आहे, राहू दे." मीच अडून बसले. कारन सांगते. सुनंचं माहेरचं नाव आन् माझ्या सासूचं नाव एकच.

आता ह्यात काय झालं, असं तुमी म्हनाल. आमच्यात सासूचं नाव तोंडानं घेत न्हाईत. सासूचं नाव एका फुलाचं व्हतं. ते फूल मी पन्नास वर्सं 'ते पांढरं' म्हनत आले. बाजारात गजरा घेताना बी, "ते पांढरं द्या." फुलवाली दुसरं पांढरं द्यायची, तर बोट दावायचं. आन् त्याच नावानं मी सुनंला हाक मारू? ए अमके, भांडी घास, म्हनू? जीभ वळली नसती. म्हनून मी ताटातल्या तांदळात दुसरं नाव काढायला लावलं. सुनंनं तवा एक शबूद काढला न्हाई. पेढं वाटलं. मी बी हौसंनं खाल्लं.

तिचा नवरा बी माझ्यासारकाच. पासपोर्टाच्या येळंला एजंट म्हनला व्हता, नाव बदलल्याचं गॅझेटात छापून घ्या. ल्योक म्हनला, बघू पुढं. पुढं कुनी बघितलं न्हाई.

त्या दिशी संध्याकाळी ल्योक घरी आला. कागद वाचला. बूट काढता काढता म्हनला, "भारतात जाऊन गॅझेट करायचं तर दोन-तीन महिने जातील. शुक्रवारपर्यंत शक्यच नाही. सोडून दे यंदा."

सून म्हनली, "यंदा सोडलं की पुढच्या वर्षी काय वेगळं होणार आहे?"

"अगं, मी तुला तेव्हाच तो चाइल्डकेअरचा कोर्स दाखवला होता. सहा महिन्यांचा. बारावी बघतात फक्त. उद्या नियम बदलले तर लगेच काम मिळेल."

"बारावीवर तरी माझं कुठलं नाव आहे रे?"

तो माझ्याकडं वळला. "आई, तू तरी समजाव तिला. तुझं ऐकते ती."

तवा माझ्या ध्यानात आलं, आपल्याला इमानात बसवून कशाला आनलं ते. नातीची सोबत न्हवंच. तेच मी तोंडावर बोलले. "मला हेच्यासाठी बोलावलं व्हय रं? सुनंला घरात बसव म्हनायला?"

"तसं नाही, आई..."

"मग कसं?"

"तिला सोपं जाईल असं बघतोय मी."

मी म्हनलं, "पोरं सांभाळनं हलकं न्हाई, आन् सोपं तर न्हाईच. मी जल्मभर सांभाळली, त्यातला तू एक हाईस. पन तिनं ते मागितलं न्हाई. तिनं बाप्यांचा अभ्यास मागितलाय आन् तू तिच्यापुढं बायकांचा सरकवतोयास."

ल्योक सुनंकडं बघायला लागला. "हे काय शिकवलंस तू आईला?"

"मी मेथी निवडत ऐकलं," मी म्हनलं. "तू रातदिस त्या कानातल्या यंत्रात बोलतोस, तुला काय ऐकू येनार."

नात कोपऱ्यातनं म्हनली, "फेअर प्ले टू यू, आजी." मला कळलं न्हाई, पन माझ्याच बाजूचं असनार.

राग मला ल्योकाचा आला, हापिसातल्या बाईचा आला, पन सगळ्यात जास्ती माझा आला. कारन माझं बी असंच झाल्यालं. चौथीच्या परीक्षेत मी केंद्रात पयली व्हते. गुरुजी घरी सांगाय आले, हिला पुढं घाला. घातली न्हाई. सोळाव्या वर्सी लगीन. माझं माहेरचं नाव मोठ्या जावंचं नाव निघालं, म्हनून सासूनं तांदळात दुसरं काढलं. मी ते गिळलं. आन् चाळीस वर्सांनी तसंच तांदळाचं ताट मी सुनंपुढं सरकवलं. मला कुनी शिकवाय लागलं न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळात मी आन् सासू खडी फोडायला जायचो. रस्त्याचं काम व्हतं. डोक्यावर ऊन, मांडीखाली पोतं, हातात हातोडा. डाव्या हाताची दोन बोटं माझी तवापासनं सरळ व्हत न्हाईत. पयल्या दिशी मुकादम वही घेऊन आला. सासूला इचारलं, नाव? तिनं शेजारी उभ्या मामंजींकडं बघितलं, नवऱ्यासमोर बायकांनी आपलं नाव आपनच कसं सांगायचं. मामंजी म्हनले, माझी बायकू लिव्ह, आन् ही सून लिव्ह. त्यानं तसंच लिहिलं. चार महिने आमी दोघींनी दगड फोडला, ते त्या वहीत एका बायकूनं आन् एका सुनंनं फोडला.

सासू शहान्नव साली गेली. तिचं नाव लिहिल्याला कागद मी कवा बघितला न्हाई.

सुनंनं हापिसाला फोन लावून इचारलं, दुसरा कसला पुरावा चालंल? त्या बाईनं सांगितलं, तुला लग्नाआधीपासनं दोन्ही नावांनी वळखनारं कुनी मानूस हितं असंल, तर त्यानं वकिलासमोर शपथेवर लिहून द्यावं. नवऱ्याचं चालनार न्हाई.

सून फोन ठिवून माझ्याकडं बघत बसली. मलाच म्हनावं लागलं, "मी हाय की. तुझ्या घरी बघायला आले तवा भितीवर तुझं एम.ए.चं सर्टिफिकिट टांगल्यालं, ते मी वाचलंय."

वकील म्हंजे एक म्हातारी बाई निघाली. एका दुकानाच्या वर तिची खोली, लाकडी जिना. बुधवार व्हता. आमी चौघं गेलो. ती म्हनली, आजींना इंग्रजी येत न्हाई तर कुनीतरी सांगायला पायजे, आन् सुनंनं न्हाई, कारन कागद तिच्याच फायद्याचा. मग दुभाष्याचं काम ल्योकावर आलं. सुनंला आन् नातीला बाहीरच्या बाकावर बसवलं.

मी, ल्योक आन् वकीलबाई. टेबलावर टाइप केल्याला कागद, मधे दोन ठिकानी जागा मोकळी.

ल्योक म्हनला, "आई, त्या विचारतायत, तुझ्या सुनेचं आताचं नाव काय."

सांगितलं. तिनं लिहिलं.

"आणि लग्नाआधीचं?"

माझं तोंड उघडंना. ल्योकाला ठाऊक व्हतं कशापायी. त्यानं पटकन स्वतःच सांगायला तोंड उघडलं, तशी वकीलबाईनं हात वर केला. त्याला काहीतरी बोलली.

"त्या म्हणतायत, मी नाही सांगायचं. शपथ तुझी आहे, तुझ्याच तोंडून यायला पाहिजे."

"तिला सांग, मला ते नाव घेता येत न्हाई."

ल्योकाचे कान लाल झाले. "आई, हे असं नको सांगायला. त्यांना वाटेल तुला माहीतच नाही."

"तू दुभाषी हाईस नव्हं? मग सांग. सगळं सांग. ते माझ्या सासूचं नाव हाय म्हनून सांग. म्हनूनच मी ते सुनंचं पुसलं म्हनून सांग."

त्यानं सांगितलं. अडखळत सांगितलं, पन सांगितलं. वकीलबाईनं पेन खाली ठिवलं. मला वाटलं हसंल. हसली न्हाई. ल्योकाला बराच येळ काहीतरी सांगत ऱ्हायली आन् तो ऐकता ऐकता खाली बघायला लागला.

"काय म्हनतीया?"

"त्यांची आई म्हणे पोस्टात कामाला होती. लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली. ह्या देशात तेव्हा तसा नियमच होता, सरकारी नोकरीत लग्न झालेली बाई चालायची नाही. त्या म्हणतायत, आईच्या निरोपसमारंभाचं घड्याळ अजून घरी आहे. त्यावर आईचं नाव नाही, नुसतं 'शुभेच्छा' आहे."

"गोऱ्यांत बी?"

"हो. इथं पण."

मी त्या बाईकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. ती परत काहीतरी म्हनली, या येळंला हळू.

"त्या म्हणतायत, कायद्याला तुझ्या रिवाजाशी घेणंदेणं नाही. पण नाव नसेल तर त्यांना सही करता येणार नाही. घाई नाही म्हणाल्या. चहा मागवू का विचारतायत."

चहा नको म्हनलं. खिडकीतनं नदी दिसत व्हती, पूल दिसत व्हता. मी माझ्या त्या दोन वाकड्या बोटांकडं बघितलं. मनात आलं, सासू आत्ता हितं असती तर काय म्हनली असती. तिला राग आला असता का? आला असता. सून असून माझं नाव घेतीस, म्हनून ती वरनं हातोडा फेकंल. फेकू दे. जिवंतपनी तिनं मला पुष्कळ फेकून मारलं, मी मेले न्हाई. आन् ज्यांनी हा रिवाज केला, त्या कुनाच्या हातात हातोडा न्हवता. दगड फोडला आमी. नाव घेतल्यानं तिचा अपमान व्हतो म्हने. मग वहीत 'बायकू' लिहिलं तवा कुनाचा अपमान झाला न्हाई?

घेतलं मी नाव. दोन अक्षरं हाईत, जास्ती न्हाईत. पयल्यांदा घोगरं आलं. वकीलबाई म्हनली, परत. मी परत घेतलं, मोठ्यानं, बाहीरच्या बाकापातूर जाईल असं. मग सुनंच्या बापाचं नाव, आडनाव. तिनं सगळं एकेक अक्षर ल्योकाला इचारून मोकळ्या जागेत भरलं आन् कागद माझ्याकडं फिरवला. मला इंग्रजी वाचता येत न्हाई. मी इचारलं, ह्यातलं ते कुठलं? ल्योकानं बोट ठिवलं. मी त्यावरनं बोट फिरवलं. वल्ली शाई, जराशी फिसकटली.

सही मी मराठीत केली. अंगठा देतीस का म्हनून ल्योकानं आधी इचारलं, त्याच्याकडं मी असं बघितलं की त्यानं परत इचारलं न्हाई.

जिना उतरताना तो माझा हात धरून उतरवत व्हता. म्हनला, "आई, मी आजीचं नाव कधी तोंडानं घेतलंच नव्हतं गं. म्हणजे माहीत होतं, पण घरात कुणी बोलायचंच नाही."

"आता तूच एकेक अक्षर सांगून इंग्रजीत लिहवलंस," मी म्हनलं.

गुरवारी सुनंनं कागद नेऊन दिला. हापिसातल्या बाईनं तो उलटापालटा करून बघितला, लग्नाच्या दाखल्याला जोडला, ठीक हाय म्हनली. एका बाईच्या दोन बाया करायला ह्यांना दोन मिनिटं लागली, आन् दोघींची एक करायला आमाला आठ दिस आन् दोन म्हाताऱ्या लागल्या. माफी कुनी मागितली न्हाई. पुढच्या आठवड्यात सुनंला प्रवेश मिळाला. फारमात एक रकाना व्हता, पदवीवर कुठलं नाव छापायचं. ल्योक म्हनला, "पासपोर्टवरचंच टाक, पुढं गोंधळ नको." सुनंनं काय टाकलं ते तिनं सांगितलं न्हाई, आन् मी इचारलं न्हाई. तिचा रकाना, तिनं भरला. आता ही दोन वर्सांनी मी परत आलीया. तिचं लिहून पुरं व्हत आलंय. तिच्या यादीतल्या सहा बायांपुढची पेन्सिलीची खून खोडली गेलीया. बाकीच्यांची अजून हाय.

पन मला सांगायचं ऱ्हायलं ते त्याच दिवसाचं, वकिलाकडनं घरी आलो तवाचं. सून आल्या आल्या सिंकपाशी उभी ऱ्हाऊन सकाळची भांडी घासायला लागली. पाठ माझ्याकडं. माझ्याशी बोलली न्हवती अजून, बाकावर तिला सगळं ऐकू गेल्यालं. मी चहा टाकला आन् तिला हाक मारली. त्याच नावानं. आता एकदा तोंडातनं गेलंच व्हतं.

ती वळली न्हाई. मला वाटलं रुसली. दुसऱ्यांदा मारली. तरी भांडी घासतेच हाय. दहा वर्सांत तिला त्या नावानं घरात कुनी हाक मारली न्हवती, तिच्या कानाला ते आपलं वाटलंच न्हाई. मी तिसऱ्यांदा मारली.

नात टेबलाशी बसल्याली. तिनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आन् म्हनली, "मम्मी, शी मीन्स यू."